बंधाऱ्यात बसवलेलं जातं

बारामतीहून इंदापूर तालुक्यात सासरी आले, तेव्हा नवऱ्याच्या आधी माझी ओळख जात्याशी झाली. रोज पहाटे मी आणि सासूबाई समोरासमोर बसून चौदा माणसांचं दळायचो. तळहाताला घट्टे पडले.

मामंजींची, म्हणजे सासऱ्यांची, सगळी नोकरी नीरा नदीचं पाणी वरच अडवून कालव्यात सोडण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी एका बंद पडलेल्या जुन्या पाणचक्कीचं चाक आणि दगड लिलावात घेतले. गावाखाली त्याच नदीवर बंधारा घालायचा, चक्की पाण्यावर चालवायची. "आता घरात कुणी दळायचं न्हाय," ते म्हणाले. मला ते देवमाणूस वाटले.

बांधकामाच्या मुकादमानं त्यांना भीत भीत विचारलं, "आबा, दिवाळीनंतर नदीत पाणी कुठनं यायचं?"

"पाण्याचं मला शिकवतोस व्हय रं?"

उन्हाळाभर बांधकाम चाललं. मजुरांची भाकरी आमच्याकडं. दळण कायमचं बंद व्हावं म्हणून आम्ही दोघी दुप्पट दळत होतो. शेवटी बंधाऱ्याच्या माथ्यावर शुभ म्हणून मामंजींनी घरचं जातंच चुन्यात बसवलं. ते बाहेर काढायला सर्वांत आधी हात मी लावला होता.

पावसाळाभर चक्की छान चालली. दिवाळी झाली आणि नदी आटली. पाणी कालव्यात गेलं होतं. मामंजींनीच घालून दिलेल्या शिस्तीनं. मग आम्ही दोघी धान्याची सुपं घेऊन दळायला शेजारणींच्या दारात. चार दिवस त्या हसल्या, पाचव्या दिवशी हसल्या नाहीत.

नदी आटल्यापासून मामंजी बंधाऱ्याकडं फिरकत नव्हते. एका दुपारी ते झोपलेले पाहून सासूबाईंनी पहार उचलली. "चल, आपलं जातं आणू." दोन्ही दगड आम्ही घामाघूम होऊन घरी आणले. "माहेरचं आणलंय," सासूबाईंनी मामंजींना सांगितलं. त्यांना ते पटलं. घरचं जातं त्यांनी कधी नीट पाहिलंच नव्हतं.

पुढच्या आषाढात पूर आला. आम्ही जातं काढलं होतं त्याच खिंडारातून पाणी घुसलं आणि बंधारा घेऊन गेलं. मामंजी दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी पहाटे ते आम्ही दळत होतो तिथं येऊन बसले, अगदी जात्याला गुडघा लागेल इतके जवळ.

"तुमचं जातं त्यात हुतं," ते म्हणाले, "म्हणून वरीसभर तरी टिकला."

मला त्यांची फार दया आली. सासूबाईंनी मान वर न करता जात्यात मूठभर ज्वारी टाकली, आणि मी खुंटा ओढला.