तळाची नळी

ती घटना आजही आठवते आणि उजवा हात आपोआप खिशात जातो. पोलीस खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन दोन वर्षं झाली, तरी जातोच.

जळगावजवळच्या एका गावात केळीच्या मळ्यातला बंगला. मागे स्विमिंग पूल. दोन भावांपैकी धाकटा रोज सकाळी पोहायचा. एके दिवशी तो तळाशी मेलेला सापडला. पाठीवर वाटीएवढा गोल, निळसर वण. प्रेताच्या इन्क्वेस्ट पंचनाम्यात मीच तो लिहिला आणि मनाशी ठरवलं, काठीच्या मुठीचा घाव.

त्याच दुपारी ठाण्यात निनावी फोन आला. "जुन्या सालदाराला धरा. आखाजीला काम सोडताना धाकट्याशी कडाडून भांडला होता."

सालदार, म्हणजे आखाजी ते आखाजी, अक्षय्य तृतीयेपासून वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. हा शिरपूरकडचा, साठीचा. वर्षं मोजायची तर बंगल्यापेक्षा तोच तिथे जुना. सगळे त्याला नाना म्हणत. दुसऱ्या दुपारी त्याला ठाण्यात आणलं.

"भांडण कशावरून?"

"तळनी जुनी नळीवरून, साहेब. ती बुजा, बुजा म्हणी थकनू मी."

"कोणती नळी?"

"पूल उपसाले करेल व्हती. केळीनी मोटारले जोडेल शे. आते कामनी नही, पण तोंड उघडंच. मी कायम व्हॉल्व बंद ठेवू. नवा गडीले काय माहीत?"

मला वाटलं, म्हातारा गोष्ट रचतोय. "पोहणारा माणूस नळीत बुडतो काय रे?" असं म्हणत माझा हवालदार हसला. नानाने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही दखा तर खरं. बठ्ठं तठेच शे."

सगळं तिथेच आहे म्हणाला, पण मी जाऊन पाहिलं नाही. मी मारलं. कानाखाली, एकच. त्याची टोपी टेबलाखाली गेली. ती त्याने स्वतः वाकून उचलली.

तिसऱ्या दिवशी काठी शोधायला पुन्हा बंगल्यावर गेलो. काठावर वाकलेल्या पंचाच्या खांद्यावरचा टॉवेल पाण्यात पडला. तेवढ्यात मळ्यात मोटार सुरू झाली. बुडत चाललेला टॉवेल सरळ तळाशी एका जागी ओढला गेला आणि चिकटून बसला. बांबूने ढोसूनही निघेना.

"मोटार बंद करा!" मी ओरडत पळालो.

नव्या सालदाराला थोरल्या भावाने एवढंच सांगितलं होतं, "केळीला पाणी सोड." त्याने दिसले ते सगळे व्हॉल्व उघडले होते, धाकटा गेला त्या सकाळीही. पूल उपसून नळीचं तोंड टेपने मोजलं. वणाच्या मापाचंच. मोटारीच्या ओढीने धाकट्याची पाठ तिथेच चिकटून राहिली होती. थोरल्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. तो निनावी फोन कुणाचा, ते कधीच कळलं नाही.

बुजवायची तर नळी जमिनीखालून कुठून जाते, हे नानाशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. थोरल्याने शिरपूरला निरोप धाडला, नाना आला. गवंड्याने तळाचं तोंड सिमेंटने भरलं आणि हात झटकले.

"मळामानं तोंड कोन बुजी? तुना बाप?" नाना म्हणाला. तिकडे खणून नळी कापली, व्हॉल्व काढला, टोक बंद केलं. मी उन्हात उभाच होतो.

"नाना, त्या दिवशी ठाण्यात..."

"साहेब, पाणी भरीसन दखा. गळस का नही ते."

पाणी भरलं. गळलं नाही. तो एसटीने निघून गेला. पुन्हा भेटला नाही, मीही शिरपूरला गेलो नाही. शिरपूर काही लांब नाही.

शिकलो ते इतकंच: ज्याचा हात रोज एखाद्या कामावर असतो, त्याचं म्हणणं आधी जाऊन पाहावं, मग त्याच्यावर संशय घ्यावा.

स्टेशन डायरीत त्या दुपारची नोंद माझ्याच अक्षरात आहे: 'संशयिताकडे विचारपूस केली.' ती नोंद खोटी आहे. मी त्याला मारलं होतं, आणि तो खरं सांगत होता.