जीपची मागची टाकी

नव्वद सालच्या आसपास मी एक जुनी मिलिटरी जीप घेतलेली. पेट्रोलची टाकी सीटखालीच, म्हणून बायको बसायला तयार नव्हती. कळव्याच्या खाडीवर होड्यांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका कोळ्याने मागे नवी टाकी बसवून दिली. प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का, ते तो नाक टेकवून बघायचा. जीप न्यायला आम्ही दोघं गेलो तेव्हाही बायको घाबरलेलीच.

त्याने स्वतःच्या बायकोला हाक मारली, "ये गो, टाकीजवल बस." मग माझ्या बायकोला म्हणाला, "ही बसली. आता तू पन बस, ताय."

दोघी पुलावरून ठाण्यापर्यंत खिदळत होत्या. परत आल्यावर त्याची बायको काही उतरेना. तेव्हा तो लाजत मला म्हणाला, "दादा, आजून येक फेरी मार ना."