पाहुण्यांना न दाखवायची नर्स

वृद्धाश्रमाच्या वार्षिक कार्यक्रमात मी आमच्या नर्सचं तोंडभरून कौतुक केलं, शाल-नारळ दिला. प्रमुख पाहुण्यांचं स्वतःचं हॉस्पिटल होतं. महिन्याभरात ती नर्स त्यांच्याकडे रुजू झाली. "सेक्रेटरी, चांगलं माणूस पाहुण्यांना दाखवायचं नसतं," आश्रम चालवणाऱ्या मेट्रनबाई एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून पाहुणे आले की बाई नव्या नर्सला मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला पाठवायच्या आणि मला पुढे उभं करायच्या. मला कुणी पळवणार नाही, याची त्यांना खात्री होती.

नव्वदच्या आसपासचं पनवेल. आमच्याकडची म्हातारी माणसं नुसती एकटी नव्हती; कुणाला मुलानं मारलेलं, कुणाचं घर नावावर करून घेऊन बाहेर काढलेलं. त्यातल्या अंथरुणाला खिळलेल्यांसाठी वेगळी खोली होती. शिकलेली नर्स नसेल तर खोली बंद, आणि माणसं परत त्याच मुलांच्या दारात. पगार ट्रस्टच्या ऐपतीचा. मुली अनुभव घ्यायच्या आणि मुंबईला नाहीतर आखातात जायच्या.

मुलाखतीत मी सर्टिफिकिटं चाळायचो. बाई नवऱ्याची नोकरी विचारायच्या. इथल्याच कळंबोलीच्या लोखंड बाजारात आहे म्हटलं की त्यांचा चेहरा उजळायचा. बिनलग्नाच्या मुलींसाठी त्या पनवेलातलीच स्थळं बघायच्या. एकीचं जमवलंसुद्धा. वर्षभरात नवऱ्याची बदली नागपूरला. "आता नवरेही टिकाऊ बघायला हवेत," म्हणत बाईंनी पुढचे अर्ज पुढ्यात ओढले.

एक नर्स गेल्यावर दुसरी येईपर्यंत बाईच ड्यूटी करायच्या. पडून पडून झालेल्या पाठीच्या जखमा धुवायच्या, म्हाताऱ्यांना कुशीवर वळवायच्या. जवळच्या ओवे गावातून येणारी आया म्हणायची, "बाय, तुमी जरा पाठ टेका. ती काय परत येनार नाय." बाई मान डोलवायच्या आणि पुढच्या खाटेकडे वळायच्या.

शेवटी त्यांची कंबरच गेली. भाची त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. निघताना नव्या मुलीकडे बोट दाखवून मला म्हणाल्या, "हिला सांभाळा." मी सांभाळायच्या आत ती गेली. ट्रस्टच्या पुढच्या बैठकीत खोली बंद करायचा विषय आला.

बाईंना काय सांगायचं, म्हणून मी भेटायला जाणं टाळलं आणि बायकोला पाठवलं. ती परत आली, दारात चपला काढत म्हणाली, "बाईंनी एकच विचारलं, मुलगी टिकली का? मी हो सांगून आलेय. आता शोधा कुणीतरी."