देवाला साखरपाणी

“डॉक्टरांनू, देवाक सुई मारतल्यात?” बाबल गावकारांनी माझं मनगटच धरलं. गावाच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांचा. आणि ते ज्यांना देव म्हणत होते ते माझे पेशंट तात्या, गलबतावरचे जुने तांडेल!

तात्या अंगणात घुमत होते. अंग घामानं निथळतंय, हात कापतायत, बडबडीला शेंडा ना बुडखा. भोवती अर्धं विजयदुर्ग हात जोडून उभं.

तात्यांना मधुमेह. सकाळीच माझ्या दवाखान्यात इन्शुलिन घेऊन गेले होते. इन्शुलिन रक्तातली साखर उतरवतं. पोटात अन्न पडलं नाही तर ती उतरतच राहते. आधी घाम, कापरं, भ्रम. मग बेशुद्धी. त्यात माणूस दगावतोसुद्धा.

“वहिनी, तात्या जेवले काय?” मी त्यांच्या बायकोला विचारलं.

“आज सोमवार मां! उपास. पाणीसुद्धा घेवक नाय.”

बोंबला! मी कपाळावर हात मारला.

तेवढ्यात शेजारीण पुढे सरसावली. “म्हाराजा, माझी म्हस कधी व्यातली?”

“पेज... पेज...” तात्या पुटपुटले.

“देव पेज मागता!” गावकार गरजले. “चूल पेटवा!”

“पेज शिजापर्यंत तात्या रवचे नाय! साखरेचा पाणी हाडा!” मी ओरडलो.

वहिनींनी तांब्या आणला. गावकार आडवे. “गाऱ्हाणा घातल्याशिवाय देवाच्या तोंडाक काय लावूचा नाय.”

त्यांचं गाऱ्हाणं म्हणजे सगळ्या वेशींवरच्या देवांना हाका मारत फिरून येणार. इथे तात्यांचे डोळे मिटायला लागलेले. माझं डोकंच फिरलं. तांब्या हिसकावला आणि मीच सुरू केलं.

“बा देवा म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” सगळं अंगण गरजलं. सवयच ती. गावकारसुद्धा ओरडले.

“ह्या साखरेचा पाणी गोड मानून घे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“आणि ठसको न लागता गीळ रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

तात्यांनी घोट गिळला. मग दुसरा. माझा जीव भांड्यात पडला. तांब्या संपला, थोड्या वेळानं तात्यांनी डोळे नीट उघडले.

“ह्ये एवढे जण कित्याक जमलेत? कोण मेलो?”

शेजारीण माझ्यावरच उखडली. “म्हशीचा सांगूच्या आधीच देवाक घालवल्यात!”

पुढच्या सोमवारी तात्या इंजेक्शनला आले. मी सुई बाजूलाच ठेवली. “आज जेवतल्यात मां?”

“तर! उपास आता बायल करता.”

गेले कित्येक दिवस मी हेच घसा फोडून सांगत होतो. “माझा ऐकल्यात म्हणायचा!”

“तुमचा खंय? गावकारांनी देवाक इचारल्यानी. देव बोललो, जेव.”

इन्शुलिनचा डोस डॉक्टरनं ठरवावा. जेवणाचं मात्र गावकारांमार्फत वरूनच पास करून आणावं.