डाव्या हाताचा परण्या

डॉक्टरनं माझी बोटं दाबून बघितली आणि म्हणाला, "आजोबा, संधिवात आहे. आता वाजवणं बंद करा." त्यानं जन्मात जत्रेतली पिपाणीसुद्धा फुंकलेली नसणार. ट्रंपेटला तीन कळा, त्या उजव्या हाताच्या तीन बोटांनी दाबायच्या. माझं मधलं बोट तेवढं उसाच्या कांड्यासारखं ताठ झालेलं. एवढ्यावर माणूस वाजवणं सोडतो व्हय? मी शाळा चौथीत सोडली, ट्रंपेट नाही.

आमच्या बँडचा मालक म्हणजे माझ्या वस्तादाचा जावई. त्याला सूर आणि कारखान्याचा भोंगा यातला फरक कळत नाही. श्रीगोंद्याकडच्या लग्नाला जाताना टेम्पोत म्हणाला, "अण्णा, तुमी कोट-टोपी घालून पुढंच उभं राहा. ट्रंपेट नुसतं तोंडाला लावा. वाजवंल कीबोर्डवाला. लोकांना काय कळतंय?"

"मग बुजगावणं उभं कर की. त्याला च्या बी लागत न्हाई."

सगळे हसले, तो नाही. "परण्याला वाजवून चुकलात तर पुढच्या सुपारीला न्हेनार न्हाई."

नवरदेव घोड्यावरून मारुतीला जातो, तो परण्या. देवळापुढं सगळी वाद्यं थांबवून थोरल्या ट्रंपेटवाल्यानं एकट्यानं आरती वाजवायची, मगच नवरदेव खाली उतरणार, हा आमच्या बँडचा रिवाज.

त्या दिवशी देवळापुढं मी ट्रंपेटच्या कळांवर डावा हात ठेवला. दोन महिने घरामागं बसून सराव केला होता. बायको म्हणायची, "म्हातारपनी हे काय डोहाळे?" पण डावी बोटं अडाणीच. दुसऱ्या ओळीत सूर घसरला. कीबोर्डवाल्यानं लगेच बोट टेकवलं. मी असं बघितलं, की त्यानं हात खिशात घातला. मग मी आरती पुन्हा पहिल्यापासून धरली, बोटं जातील तेवढ्याच चालीनं. नवरदेवाचा मामा ओरडला, "आवरा की वो, ऊन लागतंय घोड्याला!" घोड्याला काही होत नव्हतं, मामालाच भूक लागली होती. शेवटचा सूर संपेपर्यंत नवरदेव उतरला नाही.

"चुकलात, अण्णा," मालक म्हणाला.

"चुकलो. म्हनूनच परत वाजवली."

पुढची सुपारी नेवाशाच्या लग्नाची. मला निरोप आला नाही. सकाळीच कोट घालून मी टेम्पोत पुढच्या सीटवर जाऊन बसलो. म्हणालो, "उतरवायचं असंल तर उचलून उतरव." मालकानं एकदा माझ्याकडं, एकदा घड्याळाकडं बघितलं. मग चढला आणि गाडी सुरू केली. मला उतरवून तरी काय दिवे लावणार होता?