निरोपांची पोच

बाळांनो, आज कालव्याला पाणी सुटलं, ओल्या मातीचा वास खिडकीतून आत आला, म्हणून हे लगेच लिहिते आहे. काही वर्षांपूर्वी अशाच दिवसांत, राहुरीजवळच्या आमच्या पाणीवापर संस्थेत शेजारच्या सुनेनं सर्वांच्या मोबाईलवर पाण्याच्या पाळीचा निरोप धाडणारी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाचा छोटा प्रोग्राम, लिहिली होती. पाळी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. स्क्रीनवर ‘काम झालं’ असं आलं, पण निरोप एकालाही पोचला नव्हता. “सूनबाई, पानी कुनासाठी थांबत न्हाई,” अध्यक्ष म्हणाले. मी विचारलं, “रजिस्टर पत्राची पोच मागाहून येते, तशी याची कुठे येते?” ती ताठ बसली. “आजी, मी निरोप सोडले आणि मोबाईल कंपनीच्या यंत्रणेच्या उत्तराची वाटच पाहिली नाही. काय चुकलं ते त्या उत्तरातच असणार.” तिनं उत्तर येईपर्यंत थांबायला सांगणारी ओळ घातली आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवली. स्क्रीनवर सरसर कारण उमटलं: नंबरात मोकळी जागा. संस्थेचं लिखाणकाम मी पाहायचे, सभासदांच्या नंबरांची यादी मीच टाईप केली होती, वाचायला सोपं जावं म्हणून पाच आकड्यांनंतर जागा सोडून. “बाईंचा टापटीपपना नडला व्हय,” अध्यक्ष हसले. जागा काढल्या, निरोप पुन्हा सोडले, आणि टेबलावरचे आमचे तिन्ही फोन एकदम वाजले. ती यादी संस्थेत अजून वापरात आहे.