झोळीतलं बाळ

काडेपेटीत मावेल एवढं चित्र करायचं आणि ते देऊन टाकायचं, हा आमचा उद्योग. आम्ही सात-आठ बायका आहोत. स्वयंपाकघरातली मोठी काडेपेटी रिकामी झाली की ती आमच्या घरात कुणी फेकत नाही. ब्लाउजची कात्रणं, चॉकलेटची चांदी, बियाण्याच्या पिशवीचा चमकता तुकडा, फुटकी बांगडी, मसुरीची डाळ, एसटीचं तिकीट, जे हाताला लागेल ते चिकटवून त्या पेटीत काहीतरी उभं करायचं. मग महिन्यातून एकदा जालन्याला एकीच्या घरी जमायचं आणि पेटीला पेटी बदलायची. विकायची नाही, भेट म्हणूनही द्यायची नाही.

नियम एकच, पण कडक. पुढच्या बैठकीपर्यंत पेटीतलं काही सुटलं, गळालं, निखळलं, तर सौदा मोडला. दोघींनी आपापली पेटी परत न्यायची. हा नियम बदनापूरच्या खालाने आणला. खाला, म्हणजे मावशी, आमच्यात सगळ्यांत थोरली, जन्मभर जरीकाम केलेली. एकदा एकीच्या पेटीतला एक डाळीचा दाणा गळाला, तर तो दाणा पुडीत बांधून खालाने पेटीसकट परत केला होता.

आणि याच खालाची पेटी या खेपेला मला मिळाली होती! किती दिवस मी त्यासाठी तिच्याभोवती मांजरीसारखी घुटमळत होते. पेटीत एक खोली होती. दोऱ्याने विणलेली बाज, आरशाचा टिकलीएवढा तुकडा, जरीच्या धाग्यांचा पडदा, आणि पडद्याखाली तांदळाच्या दाण्यांची दोन पावलं. कुणीतरी पडद्याआड उभं होतं! मी घरी येऊन सगळी कामं टाकून त्या पावलांकडे बघत बसले. नवरा म्हणाला, "भाकरी करपून राह्यली." मी म्हटलं, "करपू द्या."

माझी पेटीही काही कमी नव्हती. मी झोळी केली होती. निळ्या चांदीची भिंत, जाळीच्या कापडाची झोळी, आणि झोळीत बाळ म्हणून रेशमाचा पांढराशुभ्र कोष. आमच्या वाटूरच्या शेतात माझी धाकटी जाऊ तुती लावून रेशीम किडे पाळते. तिच्या टोपल्यातले चार-पाच कोष मी कानाशी धरून हलवले आणि जो छान खुळखुळला तोच घेतला. बाळ म्हटल्यावर खुळखुळा नको? खालाने पेटी हलवली, ऐकली, आणि तिचा चेहरा असा फुलला की मी मनातल्या मनात स्वतःला मुजरा केला.

तीन-चार दिवसांनी जाऊ अंगणात बसली होती. मी तिला सगळा पराक्रम हातवारे करून सांगितला. ती ऐकता ऐकता थांबली.

"बाई, वाळवल्ता का कोष?"

"कशाला वाळवायचा? ओला कुठं होता?"

"अगं बाई! मंग आतली अळी जित्तीच की! ती खुळखुळती म्हून तर तुम्ही घेतला."

"मग?"

"मंग काय! पाखरू निघंल. कोषाला भोक पाडून, सगळं भिजवून निघंल. तुमचं बाळ चाललं उडून."

हे वाचून कुणी म्हणेल, घरात रेशीम आणि हिला हे माहीत नाही? पण आमच्याकडे कोष निघाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाजारात जातो. पाखरू बघायला थांबतं कोण! मी आयुष्यात पाखरू पाहिलंच नव्हतं.

त्या क्षणापासून मला अन्न गोड लागेना. डोळ्यांसमोर खाला यायची, एका हातात भोक पडलेली झोळी, दुसऱ्या हातात पुडी. "ला मेरी डब्बी." आणि माझी ती पडद्याआडची पावलं चालली बदनापूरला. मी पेटी उघडून बघायची, झाकायची, पुन्हा उघडायची. शेवटी न राहवून फोन केला. आवाजाला शक्य तेवढं लोणी लावून.

"खाला, सहज केला. बरी आहेस ना? पेटी बरी आहे ना?"

"डब्बी? सिरहाने रखी हूँ. रात को अपने आप बजती है गे. बच्चा नींद में हिलता होगा."

ती हसली.

मग मी बेत केला, अगदी नाटकातल्या खलनायिकेला शोभेल असा. जावेकडून कडक उन्हात वाळवलेला एक कोष घेतला. तो, गोंदाची बाटली आणि चिमटा पर्समध्ये घातला. खाला चहा ठेवायला आत गेली की बाळ बदलायचं. जाऊ दारात उभी राहून म्हणाली, "पकडलं तर माझं नाव सांगू नका. आन् बराबर चिकटवा यावेळी."

जालन्याला गाडी बदलली. गाडीत मी पर्स मांडीवर धरून बसले होते. शेजारच्या बाईला वाटलं असेल, हिच्याकडे दागिने आहेत. प्रत्येक थांब्यावर मी हिशेब करत होते, आज निघालं असेल की उद्या निघेल? ड्रायव्हर जल्दी का करत नाही?

खालाने दार उघडलं. "क्या गे, आज इधर किधर?"

"इकडं काम होतं."

"बैठ. चाय लाती."

ती आत वळली आणि मी उशीकडे झेप घेतली. पेटी सरकवून उघडली. झोळी जागेवर होती. कोषही जागेवर होता. पण त्याच्या टोकाला भोक, कडा पिवळट ओल्या, आणि आत कुणी नाही.

"किसको ढूंढ रही?"

खाला स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती. माझ्या एका हातात पेटी, दुसऱ्या हातात चिमटा. काय सांगणार?

"खाला, कोष जिवंत होता. मला माहीत नव्हतं. बदलायला आले होते."

शिलाई मशीनवरची वाटी तिने उचलली. वाटीत कापसासारखं पांढरं, गुबगुबीत पाखरू बसलं होतं, पंख नुसतेच थरथरत होते. उडत नव्हतं.

"सवेरे डब्बी खोली, तो ये बैठी थी. और देख." तिने माझ्या हातातली पेटी घेऊन उजेडात धरली. निळ्या भिंतीवर खसखशीएवढी पिवळी अंडी, ओळीने, टाके घातल्यासारखी. "बच्चे निकलेंगे ना? जब तक निकलते नहीं, मैं डब्बी नहीं देती. तेरे पास मेरी, मेरे पास ये. बस."

म्हणजे मी वाचले होते! गप्प बसले असते तर सगळं जागच्या जागी राहिलं असतं. पण ती त्या अंड्यांकडे अशी बघत होती की मला ते जमेना. येताना जावेने हेही सांगितलं होतं.

"खाला, नर नव्हता. एकटीच होती ती. ही अंडी पिवळीच राहतील. काही निघणार नाही."

खालाने पेटी डोळ्यांजवळ नेली. मी मनातल्या मनात माझ्या घरातली बाज, पडदा, पावलं, सगळं कागदात बांधून तयार ठेवलं. मग तिने जरी उसवताना घालावं तसं नख अंड्याखाली घातलं आणि हळूच उचकटून पाहिलं. हललं नाही. जरा जोर लावला. हललं नाही.

"तेरे गोंद से पक्का है," ती म्हणाली. "कुछ गिरा?"

"नाही."

"कुछ छूटा?"

"बाळ गेलं ना, खाला."

"बच्चा बड़ा हुआ, उठ के गया. उसको गिरना बोलते क्या?" तिने पेटी बंद करून उशीखाली सारली. "चिमटा रख अंदर. चाय उबल रही."